चौथ्या मात्रेनंतर

माझ्या जिभेला हाड नाही, असं लोकांनी मला आयुष्यभर सांगितलं आणि मी ते कौतुक म्हणून ऐकून घेतलं. बासरी शिकवणाऱ्या बाईने गोड बोलावं अशी काहींची अपेक्षा असते. वाद्य गोड आहे म्हणून असेल. मी तसली नाही. चाळीस वर्षं शिकवतेय, पण बेसूर वाजवणाऱ्याला 'छान, छान' म्हणायचं पाप माझ्या हातून झालेलं नाही. दुसरी झाली. त्यातलं एक इथे सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मला एका ग्रुपवर घातलं. फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा ग्रुप. सभासद चार हजारांच्या वर, कुठल्या कुठल्या देशांतले. "मावशी, घरात बसून भिंतींना नावं ठेवतेस, त्यापेक्षा इथे ठेव," ती म्हणाली. आधी मी नाक मुरडलं. मग कुणीतरी विचारलं, वरचा सूर फाटतो, काय करू? मी दोन ओळींत उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर साठ जणांनी अंगठा दाखवलेला. आमच्या पिढीत अंगठा दाखवला की माणसं भांडायला उठायची. इथे ते कौतुक होतं, आणि मला ते आवडायला लागलं.

त्या ग्रुपची एक रीत होती. दर सोमवारी एखादा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याच्या वादनाचा छोटा तुकडा टाकायचा आणि त्यातला दोष सांगायचा. मग बाकीचे आपापलं औषध सुचवायचे. सोमवार आला की मी सकाळचा चहा घेऊन टेबलाशी बसायची ती दुपारपर्यंत उठायची नाही. वर्षभरात माझं नाव झालं. 'बाईंना विचारा' असं लोक एकमेकांना लिहू लागले. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे घरबसल्या मिळत असतील तर कोण खाली उतरतंय?

नर्सबाई मला त्या ग्रुपमुळेच मिळाली. अडीच तासांवरच्या गावात, फुप्फुसांच्या वॉर्डात नोकरी. वय त्रेचाळीस. दिवसभर दुसऱ्यांचे श्वास मोजते, आता स्वतःच्या श्वासाचं काहीतरी करावंसं वाटतं, असं तिने लिहिलं होतं. मला ते वाक्य आवडलं, पण तसं मी तिला सांगितलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता फोनवर समोरासमोर शिकवणी सुरू झाली. ती पुस्तकांच्या ढिगाला फोन टेकवून ठेवायची. मी माझा टॅब चष्म्याच्या घराला टेकवायची.

बोटं चांगली होती तिची. छोट्या गती, म्हणजे बांधलेल्या धुना, चटकन उचलायची. पण माझ्या शिकवणीची सुरुवात लांब सुराने होते. एक सूर, एक श्वास, बारा मात्रा, सरळ. तिथे ती कच्ची. चौथ्या मात्रेला सूर विझायचा. दर वेळी.

"दम कुठे गेला?" मी विचारायची.

"बाई, मी वाजवतेय अजून," ती एकदा म्हणाली.

"मला ऐकू येत नाही म्हणजे वाजत नाही."

त्यानंतर ती तसं परत कधी म्हणाली नाही. मी तिला श्वासाचे सगळे व्यायाम दिले. जमिनीवर आडवी झोपून पोटावर पुस्तक ठेव, भिंतीला कागद लावून फुंकरेने धरून ठेव. सगळं ती करायची, वहीत लिहून ठेवायची आणि गुरुवारी पुन्हा चार मात्रा. सहाव्या महिन्यापर्यंत मी हात टेकले. शेवटच्या काही आठवड्यांत सूर चारच्या पुढे जायला लागला होता, पण मधेच अडखळत. जरा बरं, एवढंच मी म्हणाले.

मग एका सोमवारी माझी पाळी आली. मी आधीच्या एका शिकवणीतला पन्नास सेकंदांचा तुकडा टाकला. तिचा चेहरा दिसू दिला नाही, फक्त ओठांपासून खाली. वर लिहिलं : 'सहा महिने मेहनत घेऊनही सरळ सूर चारच मात्रा. काहींच्या छातीत दमच नसतो. चाळिशीनंतर हौस म्हणून फुंकवाद्य हातात घेणाऱ्यांनी आधी आपला श्वास मोजून बघावा.' लिहिताना मला गंमत वाटत होती, खोटं का सांगू? संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस अंगठे. 'वा बाई.' 'अगदी खरं.' 'कुणीतरी बोलायला हवंच होतं.'

चेहरा नाही, नाव नाही. कुणाला कळणार, असं मी धरून चालले. ती त्याच ग्रुपवर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चार हजार लोकांशी बोलायची सवय लागली की त्यातला एक कोण ते आठवत नाही.

गुरुवारी पाचला पाच मिनिटं असताना तिचा निरोप आला. 'बाई, थोडे दिवस शिकवणी थांबवते. तुम्ही खूप कष्ट घेतलेत. आभारी आहे.' मी म्हटलं, बरं झालं, तिचं तिलाच उमगलं.

तीन आठवड्यांनी त्या पोस्टखाली एक उत्तर आलं. लिहिणारा कुठल्याशा बँडमधला क्लॅरिनेटवाला, मी त्याला ओळखत नव्हते. त्याने अंगठा दिलेला नव्हता. लिहिलं होतं : 'बाई, आवाज बंद करून हा तुकडा एकदा नुसता बघा. सूर चौथ्या मात्रेला जातो. पण तिचे ओठ बाराव्या मात्रेपर्यंत सुटत नाहीत. पोट तोपर्यंत हळूहळू आत जातंय. ती वाजवतेय. फोनला एकसारखा लांब आवाज पंख्याची घरघर वाटतो आणि तो पुसून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. माझंही एक वर्ष यात गेलं.'

मी माझ्याकडचा अख्खा, चेहऱ्यासकट तुकडा काढला, आवाज बंद केला आणि बघितलं. मग परत बघितलं. चार, पाच, सहा. ओठ तसेच. नऊ, दहा. बारा. मग तिने बासरी खाली घेतली आणि माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बघितलं. तेव्हा मी काय बोलत होते ते मला आवाज न लावताही आठवत होतं.

तरी माझा हट्ट गेला नाही. भाचीला फोन लावला, तोही समोरासमोरचा, आणि म्हटलं, ऐक. मी लांब सूर लावला. पाचव्या मात्रेला ती म्हणाली, "बंद का केलंस मावशी? विसरलीस?" मी वाजवतच होते. ती आपली बोलतेय, "अगं, ऐकू येतंय का माझं? फोन अडकला वाटतं." गती वाजवली तेव्हा मात्र सगळं नीट पोचलं. हलता आवाज फोन जाऊ देत होता, स्थिर सूर तेवढा गिळत होता. आणि मी जन्मभर स्थिर सुराला सगळ्यात मोठं मानत आले.

मला स्वतःची लाज वाटली. असं स्पष्ट वाटण्याची मला सवय नाही, त्यामुळे दोन दिवस नुसती घरभर फिरत होते.

मग तो तुकडा काढून टाकला आणि माझ्या नावाने नवीन पोस्ट लिहिली : चूक माझी होती, विद्यार्थिनीचा श्वास पूर्ण होता, तुमच्यापैकी कुणी असं शिकवत असेल तर ती सेटिंग आधी तपासा. अकरा अंगठे आले. एका ट्रम्पेटवाल्याने खाजगीत लिहिलं, 'कशाला जाहीर करायचं बाई? कुणाच्या लक्षात आलं असतं?' आणखी तिघा शिक्षकांनीही खाजगीतच लिहिलं की त्यांच्याकडूनही असंच झालंय. एकाने दोघांना शिकवणीतून काढून टाकलं होतं. ग्रुपवर मात्र सगळे मूग गिळून बसले.

नर्सबाई फोन उचलत नव्हती. माझा निरोप तिने वाचला होता, उत्तर नाही. त्रेसष्टाव्या वर्षी मी बसमध्ये बसले आणि तिच्या गावी गेले.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी तासभर बसले. ती हातात फायली घेऊन बाहेर आली. सहा महिने मी तिला छातीपर्यंतच बघितलं होतं. प्रत्यक्षात ती माझ्यापेक्षा हातभर उंच निघाली.

"बाई? तुम्ही इथे? बरं नाहीये का?"

"मला काही झालेलं नाही. तुझी माफी मागायला आलेय. निरोप वाचलास ना?"

"वाचला." ती माझ्या शेजारी बसली. "तुम्ही उगीच दगदग केलीत."

"शिकवणी का थांबवलीस? पोस्टमुळे?"

तिने फायली मांडीवर नीट रचल्या. "तुम्ही लिहिलं होतं ना, श्वास मोजून बघावा. मी मोजून घेतला. इथे सगळी यंत्रं आहेत. एक्स-रे काढला, नळीत फुंकून बघितलं. आधी घाबरले होते, इथे रोज काय काय बघते मी. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं उत्तम आहेत." ती थोडी हसली. "तेव्हा मला कळलं की दोष फुप्फुसात नाही, माझ्यातच आहे. मग कशाला तुमचा वेळ घालवायचा?"

बोलण्यावर आयुष्य काढलेली बाई मी. "अगं, दोष फोनमध्ये होता," एवढंच म्हणाले, आणि ते फार अपुरं होतं.

चार वाजता तिची ड्यूटी संपली. मला घरी न्यायला ती तयार नव्हती. मीच हट्टाने तिच्यासोबत निघाले. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले गणवेश, आणि बासरी कपाटात, टॉवेलात गुंडाळलेली. महिन्याभरात तिला हात लागलेला नव्हता.

"एकच सूर," मी म्हटलं. "मग मी जाते."

तिने सूर लावला. खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर. भरीव, सरळ, मी शिकवलेल्या कितीतरी जणांपेक्षा चांगला. आणि चौथ्या मात्रेला तिने जिभेने त्याला एक ठोका दिला. पुन्हा चार, पुन्हा ठोका. बारा मात्रांत तीन तुकडे.

"हे काय?"

"असं केलं की तुम्हाला ऐकू जायचं," ती म्हणाली. "करून करून सापडलं. मग तुम्ही 'जरा बरं' म्हणायचात."

तिला मी काय शिकवलं होतं ते आता माझ्यासमोर वाजत होतं. मी म्हटलं, ठोका सोड. तिने प्रयत्न केला. सात वेळा केला. चौथी मात्रा आली की जीभ आपोआप हलायची. शेवटी तिने बासरी खाली ठेवली.

"मोडेल का ही सवय?"

"मोडेल. वेळ लागेल. लागली त्याच्या दुप्पट तरी."

"रविवारी माझी ड्यूटी दोनला संपते," ती म्हणाली. "पण फोनवर नको, बाई."

"मी तीनला येईन. दर रविवारी."

"आणि तुमची बासरीपण आणा. तुमचा लांब सूर मी कधी ऐकलाच नाहीये."

"म्हणजे? दर गुरुवारी आधी मीच वाजवून दाखवायची की."

ती जरा अवघडली. बासरी टॉवेलाने पुसत राहिली.

"तुमचाही चौथ्या मात्रेला जायचा, बाई. मला वाटलं, वय झालंय तुमचं. छातीत दम राहिला नसेल."

"सहा महिने?" मी विचारलं. "आणि हे कुणाला बोलली नाहीस?"

"छे हो, बाई," ती म्हणाली. "असं कुणाला सांगतात का?"