सरकी रोडला लागलेलं कुलूप

जरा गाडी बाजूला घ्या आणि हॉर्न वाजवू नका, कारण बोलणारा तुमच्या चाकाखाली आहे. मी रस्ता आहे. हिंगणघाटातला सरकी रोड. दोन्ही टोकांना निळ्या पाटीवर 'वैभव मार्ग' असं लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. ती पाटी लावताना मला कोणी विचारलं नव्हतं. ऑटोवाल्याला वैभव मार्ग म्हणालात तर तो तुम्हाला गावभर फिरवून आणेल आणि शेवटी म्हणेल, 'सरकी रोड का? मंग तसं सांगा न.'

जन्माने मी गाडवाट. अल्लीपूरकडून, गिरडकडून कापसाच्या बैलबंड्या यायच्या आणि माझ्यावरून, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकात शिरायच्या. परत येताना पोत्यांच्या फाटक्या कोपऱ्यांतून सरकी सांडत जायची. पावसाळ्यात माझ्या दोन्ही कडांना कोणी न पेरलेली कपाशी उगवायची. म्हणून सरकी रोड. अजूनही एखाद्या बंगल्याच्या कुंपणभिंतीला चिकटून एक रोप वर येतं. माळी ते उपटतो आणि त्या जागी शोभेचं पाम लावतो, ज्याला ना बोंड ना सावली.

शाळा मी पाहिली नाही. पण अडत्यांच्या तोंडचे भाव ऐकत मोठा झालो, त्यामुळे माणूस बरा ओळखतो. अडत्या कापसात हात घालून ओलावा सांगतो, तसं मला तळपायावरून कळतं. खरेदीला निघालेला पाय वेगळा पडतो, उधारी मागायला निघालेला वेगळा. हल्ली मात्र माझा हा धंदा बसला, कारण माझ्यावर पाय पडतच नाहीत. मैदान माझ्याच एका टोकाला आहे, आणि तिथं फिरायला जायचं तर इथले लोक गाडी काढतात. गाडीतून उतरतात, मैदानाला गोल गोल चालतात, गाडीत बसून घरी येतात आणि घाम पुसत सांगतात की चालणं फार चांगलं.

जिनिंग बंद पडली, जागेचे प्लॉट पडले आणि बंगले आले. पहिला बंगला लक्ष्मणराव अडत्यांचा. मग डॉक्टर आले, ठेकेदार आले, सळाख-सिमेंटवाले आले. पैसा आला ते बरंच झालं, मी काही पैशाचा वैरी नाही. पण पैसा आला की माणूस आपल्या घराचा पाया उचलतो. पाया उचलला की गाडी चढवायला उतार लागतो, आणि उतार येतो माझ्या अंगावर. एकाने हातभर काढला की शेजारी दोन हात काढतो. बाकी राहिलेल्या जागेत तारेचं कुंपण घालून गुलाब लावतात आणि वर पाटी, 'येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल.' म्हणजे जागा माझी आणि हवा सोडणार हे.

डांबर टाकलं की नगरपालिकेला पाइप आठवतो, पाइप टाकला की केबल आठवते. अखेर सिमेंट आलं. आता म्हणे काळजी नाही. दोन उन्हाळ्यांत सिमेंटच्या पाट्यांमधले सांधे उघडले. त्या भेगांत काय काय पडलंय ते मी सांगत नाही. कानातली आहेत, गोट्या आहेत, एका डॉक्टरांचा सोन्याचा दात आहे. मी कोणाचं काही परत देत नाही. एवढा हट्ट माझ्याकडे उरलाय.

आणि गतिरोधक. सरकारने दिला तर एक वेळ समजू. इथे प्रत्येकाचा घरचा आहे. सगळ्यात उंच वासुदेवरावांचा. हे ठेकेदार, आमच्या रस्ता समितीचे अध्यक्ष. त्यांच्या मते गाड्या फार जोरात जातात. आता, जोरात जाते ती एकच गाडी, त्यांच्या मुलाची, आणि त्याला घरचा गतिरोधक पाठ आहे, तो बाजूच्या गुलाबांवरून काढतो.

पण हे सगळं मी सोसलं. डोकं फिरलं ते गेटामुळे.

झालं असं की वासुदेवरावांच्या अंगणातला पितळी नळ एका सकाळी दिसेना. समितीची बैठक बसली. माझ्या एका टोकाला बाजार आणि स्टेशन, दुसऱ्या टोकाला मैदान आणि त्यापलीकडे वस्ती. वस्तीतली माणसं दवाखान्यात, बाजारात, कचेरीत कामाला माझ्यावरूनच जातात. ऑक्टोबरात पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली की पहाटे माझ्यावरूनच स्टेशन गाठतात. तेवढा एक दिवस मला मी तरुण वाटतो. बैठकीत ठरलं की वस्तीकडच्या टोकाला लोखंडी गेट लावायचं, कुलूप घालायचं आणि खुर्चीवर राखणदार बसवायचा. बाजाराकडचं टोक उघडं, कारण तिकडून यांच्या गाड्या येतात. एका नळापायी अख्ख्या रस्त्याला कुलूप. परवानगीचं कोणी विचारलं की वासुदेवराव सांगत, अर्ज केलाय.

लक्ष्मणरावांनीही मान डोलावली. सगळे डोलावत होते, त्यांनाही चहा आला होता, आणि ऐकू कमी येतं. गेट म्हणजे काय ते, गेट लागल्यावर त्यांना कळलं.

लक्ष्मणराव ऐंशीच्या पुढचे. बायको गेली, मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर. तो दर रविवारी फोन करून म्हणायचा, बाबा, एकटे काय करता, इकडे या. लक्ष्मणरावांचं उत्तर ठरलेलं असायचं: एकटा कुठी हाओ, रस्ता हाये न. आणि खरंच होतं ते. सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचे. कुणाच्या मुलीचं जमलं, तुरीला भाव काय निघाला, दवाखान्यात कोण भरती झालं, सगळं त्यांना ओट्यावर पोचतं व्हायचं. दवाखान्यात काम करणारी धुरपताबाई ड्युटीवरून परतताना फाटकाशी थांबायची. रोज तेच भांडण. ती म्हणायची, बाबूजी, साखर सोडा. ते म्हणायचे, तू तंबाखू सोड. दोघंही सोडत नव्हते आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नव्हतं.

गेट लागलं आणि ओट्यासमोरून जाणं थांबलं. धुरपता रेल्वेच्या खालच्या बोगद्यातून लांबून जाऊ लागली. लक्ष्मणराव सकाळी बसायचे, दुपारी बसायचे, आणि समोरून फक्त काळ्या काचांच्या गाड्या. काचेला काय विचारणार, तुरीचा भाव? आठवडाभरात त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं, 'दिवाळीले येऊन ने मले. इथं आता पाहाले काही राह्यलं नाई.'

मी ऐकलं. रस्त्याला जीव असतो की नाही यावर शहाण्यांनी वाद घालावा, पण त्या दिवशी माझा जीव तुटला. जाणारा-येणारा नाही, ओट्यावर बसणारा नाही, तर मी कसला रस्ता? श्रीमंतांच्या गाड्या उभ्या करायची लांबलचक पडवी.

मध्ये तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडी नंदी सजवून पोरं मैदानात नेतात, मग दारोदार बोजारा मागतात, कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. लक्ष्मणरावांकडे वडिलांनी सिंदी गावच्या कारागिराकडून घडवून आणलेला सागवानी नंदी आहे. चांगला पुरुषभर उंच, चार चाकांवर. त्यांचे नातू पुण्यात, म्हणून कित्येक वर्षं वस्तीतलीच पोरं तो ओढून नेतात. पण आता मैदान गेटाच्या पलीकडे.

लक्ष्मणराव काठी टेकत वासुदेवरावांकडे गेले. वासुदेवराव तसे भाविक, नाही म्हणवेना. नंदी बाहेर काढून परत आणेपर्यंत गेट उघडं ठेवू, म्हणाले. नारळ मी फोडतो.

त्या दिवशी नंदी काय सजला होता. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग. पोरांनी दोर धरले. लक्ष्मणराव वाकून चाकांना हळद-कुंकू लावत होते. एका चाकाशी बराच वेळ वाकले, त्यांची कंबर दुखत असावी असं लोकांना वाटलं. मग उठून म्हणाले, 'चला. पण हळू. आंगावर येईन.'

नंदी निघाला. बायका गच्चीवर आल्या, काळ्या काचा खाली झाल्या. गेटाच्या अलीकडे वासुदेवरावांचा तो उंच गतिरोधक. पोरांनी जोर लावला, नंदी चढला, उतरला, आणि उतरता उतरता पुढचं एक चाक निघून गडगडत गुलाबांत गेलं. नंदी पुढच्या अंगावर टेकला. बरोबर गेटाच्या तोंडात, दोन दारांच्या मधोमध. एका बाजूने माणूस जाईल, सायकल जाईल, पण दार लागायचं नाही.

वासुदेवरावांनी नारळ काखेत धरून हुकूम सोडला, मागे ओढा. तेव्हा त्यांची बायको कोकिळाबाई गच्चीवरून बोलल्या, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं: 'तुमच्या त्या ब्रेकरनं पडला तो. आता देवाले फरफटत नेऊन अजून काय कमवता?'

वासुदेवरावांनी नारळ खाली ठेवला. मग समजुतीच्या सुरात लक्ष्मणरावांना म्हणाले, 'चाकाची खीळ निसटली आहे, बाकी काही नाही. माझ्याकडे साइटवर डझनाने खिळे आहेत. आत्ता बसवून देतो.'

'नाई जी,' लक्ष्मणराव म्हणाले. 'बापानं बसवलेली खीळ होती. तीच लागन. दुसरी लावून म्या तो उभा करत नसतो.'

'आणि ती नाही सापडली तर?'

'कुठी जाईन? इथंच पडली असन. पाहू न.'

मग जे झालं ते पाहायला तुम्ही हवे होतात. खीळ शोधायला अख्खा सरकी रोड खाली वाकला. डॉक्टर वाकले, सळाखवाले वाकले, वासुदेवराव मोबाइलची बॅटरी लावून स्वतःच्या गुलाबांत गुडघ्यावर बसले. वस्तीतल्या बायका आल्या, पोरं आली. वाकलेल्या माणसांना शेजारी कोण वाकलंय ते बघायला वेळ नव्हता. कोणी कोणाला पाणी दिलं, कोणी खाऊचं ताट तिथेच आणून ठेवलं. बोजारा यंदा दारोदार नाही, गेटातच वाटला गेला. खीळ काही मिळाली नाही.

ड्युटी संपवून धुरपता आली. बोगद्याचा फेरा न घेता सरळ माझ्यावरून आली, कारण गेट उघडं होतं. तिने नंदी पाहिला, चाक पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसलेल्या लक्ष्मणरावांच्या फाटकाशी थांबली.

'बाबूजी, खीळ कुठी गेली?'

'पडली कुठी तरी.'

'खिशात तर नाई न?'

लक्ष्मणरावांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून खडीसाखर निघाली.

'साखर सोडा म्हनलं होतं न,' ती म्हणाली.

'तू आधी तंबाखू सोड. आन् उद्या येजो, वाट पाहीन.'

ती गेल्यावर त्यांनी फाटकाशी येऊन काठीचं टोक माझ्यावर दोनदा हळूच आपटलं. गिऱ्हाईकाला ऐकू न जाता अडत्या आपल्या माणसाला इशारा देतो, तसं.

त्याला आता बरेच महिने झाले. दिवाळीत माळा साफ करताना कोकिळाबाईंना पितळी नळ सापडला. स्टीलचा बसवायचा म्हणून त्यांनीच तो काढून जुन्या बादलीत ठेवला होता. म्हणून गेट काढलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. अध्यक्षांनी चूक झाली म्हणायचं, तर आधी बैठक बोलवावी लागेल, आणि बैठकीला कोरम होत नाही. गेट आहे, कुलूप गेटाच्या कडीला तसंच लोंबतंय आणि मध्ये नंदी टेकलेला आहे. राखणदार दुर्गेश आता नंदीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतो, पाऊस आला की त्याच्यावर ताडपत्री ओढतो. येणारे-जाणारे बाजूने निघतात. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन न्यायला आला, तर लक्ष्मणराव म्हणाले, 'नंदी टेकलेला सोडून कसा येऊ? खीळ सापडू दे.' तो बिचारा दोन दिवस खीळ शोधून परत गेला.

खीळ माझ्याकडे आहे. लक्ष्मणरावांच्या फाटकासमोर, दोन सिमेंटच्या पाट्यांमधली जी भेग आहे, तिच्यात. चाकाला कुंकू लावताना त्यांनी ती काढली आणि उठता उठता बोटांतून सोडली. मी गिळली.

आता ऐकतोय की वासुदेवरावांनी उन्हाळ्यात माझ्यावर सिमेंटचा नवा थर मंजूर करून आणलाय. म्हणजे मी आणखी वीतभर उंच होणार आणि सगळ्यांचे उतार माझ्या अंगावर परत बांधले जाणार. एरवी मी आदळआपट केली असती. या वेळी माझी हरकत नाही. टाका, चांगला जाड टाका. भेग बुजू द्या, वरून पाणी मारा.

तुम्हाला मात्र एक विनंती. इकडून गेलात तर गाडी बाजाराच्या टोकाला ठेवा आणि पायी चला. ओट्यावर म्हातारा दिसेल. तो हटकेलच. तुरीचा भाव माहीत नसला तरी चालेल, थांबा.