भावाला सोडून बहिणीला धरलं

मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. केरबाबुवानं आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी रामगोंडाच्या लेकीला, कीर्तीला, भूत धरणार. आणि शुक्रवारी सकाळीच त्या सतरा वर्षांच्या पोरीला धाप लागली. बुवाचा शब्द खरा झाला म्हणून अर्धं आष्टा बघायला लोटलं होतं.

मी विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर, माहेर आष्ट्याचं. रामगोंडाअण्णा आमचे शेजारी, म्हणून कळताच मी धावत आले. दारात बुवाची बायको बायकांना आत सोडत होती. तिनं मलाही हळूच विचारलं, "पाळी कवा आल्ती, ताई? मठाला विटाळ चालत न्हाई." हे ती प्रत्येकीला विचारायची. बुवाला शुक्रवार कुठून कळला, ते मला तिथंच कळलं.

आत मिरच्यांची धुरी पेटली होती. बुवा गरजत होता, "भावाला सोडून भईणीला धरलंस व्हय रं?"

अण्णा हात जोडून उभे होते. "ताई, खरं हाय ह्ये. हिच्या भावाला, भरतेशला, ल्हानपणी लय धाप लागायची. बुवांनी त्याचं काढलं, तवा कीर्तीला धरलं. डॉक्टरनं हिला दिल्याल्या धापेच्या पंपानं भूत चिडतंय म्हणले, म्हणून टाकून दिला."

मला संताप आला, आणि मग भीती वाटली. कीर्तीचे ओठ निळसर पडले होते, धापेनं वाजणारी छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती.

"बगा, शांत झालं," बुवा म्हणाला.

भूत शांत झालं नव्हतं. पोरीच्या छातीत हवाच जात नव्हती. मी धुरीवर घागर ओतली, तिला उचलून गाडीत घातलं, पर्समधला पंप तोंडाला लावला.

दवाखान्यात ऑक्सिजनवर तिचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा अण्णांना जवळ बसवलं. "लहानपणी दमा मुलग्यांना जास्त होतो. वयात येताना पुष्कळांचा कमी होतो, तसा भरतेशचा झाला. मुलींचं बऱ्याचदा उलट असतं. अंगातली संप्रेरकं दर महिन्याला वरखाली होतात, आणि त्यांचा परिणाम फुप्फुसांच्या पेशींवरही होतो. म्हणून काहींचा दमा पाळीच्या तोंडावर उसळतो. बायकोनं दारात कीर्तीला तारीख विचारली, बुवानं त्यावरून पुढच्या पाळीचा हिशेब करून आत दिवस सांगितला."

"मंजी पंप मीच टाकला," अण्णा एवढंच म्हणाले.

कीर्ती वाचली. तुमच्या मुलीला दर महिन्याला धाप लागत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्या, आणि पंप टाकू नका. मठ अजून उघडा आहे, आणि दारात ती बाई पोरींना अजून तारीख विचारते आहे.