आधी पोचल्याचा दंड

माझ्या नवऱ्याचं नाव भिकाजी पावसे. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ज्या माणसाने आमची गाडी दहा गाड्यांत लागोपाठ तीनदा दहावी आणली, त्याचं नाव मी चारचौघांत घेणारच. मिरकरवाडा बंदरावर त्यांना अजून सगळे तांडेल म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी बोट चालवली, खलाशांना समुद्रात नेलं आणि धडपणी परत आणलं. मी तुळसा. त्याच बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची, हा माझा धंदा. माझा आवाज जेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो, फक्त शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या कानात तेवढा शिरत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता बोटीवर पाय ठेवायचा नाही. बोट आमचा मुलगा सूरज चालवायला लागला आणि हे मात्र चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठायचे, जेवून पुन्हा पडायचे. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. भरल्या घरात माणूस असा विझत चाललेला बघणं फार वाईट. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की हा माणूस आता माझ्या हातून गेला.

मग मुरुडहून मृणालीताईंचा फोन आला. त्यांच्या वाडीतल्या पंपाचं इंजिन हे दर वर्षी जाऊन बघायचे. ताईंचे वडील वारले होते आणि त्यांची एकसष्ट सालची गाडी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे धूळ खात पडली होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, हिरव्या रंगाची विलायती स्पोर्ट्स गाडी. "भंगारात द्यायला जीव होत नाही, तांडेल. चालू केलीत तर तुमची," ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे आंघोळ करून, हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे. त्यानंतर अकरा महिने ते गाडीखाली होते. इंजिन बोटीचं असो की गाडीचं, त्याला तेल, हवा आणि शिव्या वेळेवर मिळाल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. गाडी चालू झाली त्या दिवशी मी देवाला नारळ दिला. तो गाडीसाठी नव्हता.

रत्नागिरीत अशा जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. हरिश्चंद्र सर त्याचे अध्यक्ष, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला एक अशा चार फेऱ्यांचा त्यांचा हंगाम असतो. गाड्या दहाच घेतात आणि बाहेर पाच-सहा जण ताटकळत असतात, म्हणून नियम असा की हंगामात ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने पुढच्या वर्षी जागा सोडायची.

आमचं नाव लागलं. गाडी हे चालवणार, शेजारी कागद आणि घड्याळ घेऊन मी बसणार. गणित मला येतं. मण आणि किलो, पाटी आणि डझन, उभ्या उभ्या हिशेब करण्यात जन्म गेला.

पण ही शर्यत जोरात पळायची नव्हे. सर सांगणार, अमक्या रस्त्यावर ताशी चौतीसच्या वेगाने जा. वाटेत कुठेतरी झाडाआड क्लबचा माणूस घड्याळ घेऊन बसलेला. बरोबर त्या सेकंदाला त्याच्यासमोरून जायचं. उशीर झाला तर सेकंदाला एक दंड, आणि आधी पोचलं तर सेकंदाला दोन. फोन बंद करून पिशवीत.

आता आमच्या लोकांची गोष्ट सांगते. पहाटे समुद्रावरून दहा बोटी परत फिरल्या की जी पहिली जेटीला लागते तिच्या मासळीला भाव. पाचवीला निम्मा. दहावीची मासळी कुणी हुंगत नाही. पस्तीस वर्षं ज्याने पहिलं पोचण्यासाठी जिवाचं रान केलं, त्याला सांगायचं की बाबा, आधी पोचलास तर दुप्पट दंड. पहिल्या फेरीत पूर्णगडला आम्ही सहा मिनिटं आधी. क्लबचा माणूस अजून खुर्ची उलगडत होता. आमचे तांडेल गाडी थांबवून ऐटीत म्हणाले, "पयले आलाव ना?" दुसऱ्या फेरीतही तेच. तिसरी फेरी दापोलीकडची, तिथे बुरोंडीच्या अलीकडे मी त्यांच्या हातावर चापट मारली तरी तेच. दहावे, दहावे, दहावे.

चिपळूणचा चिराग आणि त्याची बायको दिशा यांची लाल गाडी तिन्ही वेळा नववी. त्या आनंदात चिराग मला म्हणाला, "काकी, कोळंबी खराब होते म्हणून घाई का?" मी त्याला म्हटलं, "कोळंबीला निदान डोकं असतं रे, बाबा." तो हसला. मी नाही हसले. पहिल्याला दहा गुण आणि दहाव्याला एक, अशी रीत. आमचे तीन फेऱ्यांचे तीन, चिरागचे सहा, बाकी सगळे पंधराच्या पुढे. जागा आमची जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

यांनाही दिसत होतं. तिसऱ्या फेरीनंतर आठवडाभर गाडीवरचं कापड निघालं नाही. एकदा दुपारी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चुलीवरचं कालवण तसंच उतरवलं आणि म्हटलं, "उठा. सराव करायचाय."

आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. मी "हळू, हळू" ओरडतेय आणि काटा चाळीसच्या पुढेच. शेवटी मी वैतागून बाहेर बघायला लागले. खाली खाडीला ओहोटी लागली होती, तोंडाशी वाळू उघडी पडलेली, आणि बाहेर दोन होड्या भरतीची वाट बघत नांगर टाकून उभ्या. मी रागाच्या भरात बोलून गेले, "तोंडावर पानी नाय, कशाला रेटताव?"

त्यांचा पाय आपोआप वर आला. गाडी तीसवर आली आणि तिथेच राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच बसले. चेहरा शांत, हात सैल. खाडीच्या तोंडावर पाणी नसेल तर जगातला कुठलाच तांडेल घाई करत नाही. बोट वाळूत रुतेल, उलटेल. तिथे हे दीड-दीड तास बिडी ओढत थांबलेले मी पाहिलेत, एका शब्दाने कुरकुर न करता. थांबायचं कसं ते या माणसाला चांगलं येत होतं. मीच तीन महिने चुकीच्या भाषेत ओरडत होते.

त्यानंतर मी ताशी आणि किलोमीटर हे शब्द सोडून दिले. पाणी नाय म्हणजे हळू. पाणी भरतंय म्हणजे आहे तसंच. पाणी आलं म्हणजे चला. रोज तेवढाच सराव केला.

चौथी फेरी फेब्रुवारीत. मांडवीहून सुटायचं, गणपतीपुळ्यावरून जयगड, तिथे फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, आणि शेवट वेळणेश्वरला. जयगडपर्यंत झाडाआड तीन माणसं बसलेली होती. पहिल्यासमोर आम्ही एक सेकंद उशिरा. दुसऱ्यासमोर नेमके. तिसऱ्यासमोर दोन सेकंद उशिरा. मी कागदावर आकडा लिहिला आणि दोनदा तपासून पाहिला.

आणि जयगडच्या धक्क्यावर माझ्या नवऱ्याने माती खाल्ली. मी जरा पाणी प्यायला उतरले, तेवढ्यात सगळ्यांच्या कडेने गाडी घालून हे बोटीत पहिले चढले. अगदी पुढच्या कठड्याला टेकवून उभे, वर मला हात करून दाखवतात, बघ कशी जागा पकडली. त्या बोटीला तोंड एकच. चढायचं त्याच बाजूने आणि उतरायचंही त्याच बाजूने. जो आत पहिला, तो बाहेर शेवटचा. हे ज्या माणसाचा जन्म बोटीवर गेला त्याला मी सांगायचं.

तवसाळला एकेक गाडी मागे घेत उतरली. चिराग उतरला, जाताना त्याने भोंगा वाजवला. आमच्या मागे बर्फाचा टेम्पो होता, तो चालूच होईना. खलाशांनी ढकलून तो बाहेर काढला तोवर आमची सुटायची वेळ टळून पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं म्हणजे तीनशे दंड.

हे खाली मान घालून बसले. "माजीच चूक," म्हणाले. "तुज्या मेहनतीवर पानी पाडलं मी."

मला शिव्या द्यायच्या होत्या, तोंडावर आल्याही होत्या. पण त्यांचा चेहरा तसाच झाला होता, भिंतीकडे वळायच्या आधी व्हायचा तसा. मी घड्याळ बघितलं. पुढचा माणूस कुठे बसलाय ते ठाऊक नाही. घाट चढून वरच्या सपाट सड्यावर गेल्याशिवाय तो भेटणार नाही, एवढा अंदाज.

"अवो," मी म्हटलं, "नऊ बोटी पुढं गेल्यात. जेटीवर लिलाव सुरू झालाय."

त्यांनी मान वर केली.

"बगताव काय? हाना."

मी त्या गाडीत कितीतरी वेळा बसले होते, पण ती गाडी मी त्या दिवशी पाहिली. तवसाळचा चढ तिने असा घेतला की माझा पदर मागच्या हुडात जाऊन अडकला. हे वळणाच्या आधी वेग सोडत होते, वळणात धरत होते, समोरून एसटी आली तिला वाट देऊन पुन्हा सुटत होते. धोका कुठेच नव्हता. पस्तीस वर्षं लाटेवर बोट चढवणारा हात तो. वर जांभ्याचा सडा लागला, रस्ता सरळ झाला आणि मी सेकंद मोजत राहिले. चार मिनिटं उरली. अडीच. एक. हे गात होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना गाताना ऐकलं.

हेदवीच्या अलीकडे शेवटचे दहा सेकंद भरून निघाले.

"बास," मी म्हटलं. "तोंडावर पानी नाय."

गाणं थांबलं, पाय वर आला. पुढच्याच वळणावर काजूच्या झाडाखाली माणूस बसला होता. त्याच्यासमोरून आम्ही नेमके गेलो. वेळणेश्वरचा उतार उतरताना मी सांगत होते, पाणी भरतंय, भरतंय, थोडं थांबा, हां, आलं, चला. देवळापाशी शेवटच्या रेघेवरून चाक गेलं तेव्हा माझ्या घड्याळाचा काटा आणि कागदावरचा आकडा एकाच ठिकाणी होते.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. हरिश्चंद्र सरांनी निकालाचा कागद उघडला आणि खालून वाचायला सुरुवात केली. दहावा नंबर आमचा नव्हता. नववाही नव्हता. आठवा, सातवा, सहावा, नाही. पाचवा चिराग. दिशाने टाळी वाजवली आणि माझ्या डोक्यात हिशेब झाला. पाचव्याला सहा गुण. त्यांचे सहा आणि सहा बारा. आमचे तीन. आता आम्हाला दहाच हवेत. दुसरा नंबर आला तरी बारालाच बारा, आणि बरोबरी झाली तर जुन्या सभासदाची जागा राहते, असा नियम.

चौथं नाव दुसऱ्याचं. तिसरंही. हे उठायला लागले. "आपलं नाव नाय त्यात. गनतीत चूक झाली असंल. चल, गर्दीच्या आदी निगू." मी त्यांचा सदरा घट्ट धरला आणि खाली बसवलं. दुसरं नाव सरांनी वाचलं, ते देवरुखच्या एका वकिलांचं.

सरांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "पहिली गाडी. पाच ठिकाणी मिळून दंड फक्त तीन. क्लब सुरू झाल्यापासून एवढा कमी दंड कुणालाच झालेला नाही. पावसे."

सगळे उभे राहिले. चिरागही उभा राहिला, आणि खरं सांगते, त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी त्याची जागा जाणार होती तरी. मी यांना म्हटलं, "जावा, तांडेल. पयले आलाव तुमी."

ते उठले, दोन पावलं गेले आणि वळून मागे आले. डोळे भरलेले, पण चेहरा उजळलेला. मागे सरून त्यांनी मला वाट करून दिली.

"तू जा आदी," ते म्हणाले. "मी येतो मागनं."

मी पदर खोचला आणि त्यांच्या पुढे चालायला लागले.