मावशीच्या डोळ्यांचा पत्ता

मावशी काचेचे डोळे बनवायची. अपघातात डोळा गमावलेल्यांना ती दुसऱ्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा डोळा करून द्यायची. गिऱ्हाइकं लांबलांबून वेबसाइटवर यायची आणि ती साइट भाची सांभाळायची. त्या दिवशी तिने साइट उघडली, तर तिथे चपलांच्या जाहिराती. ईमेलही कालपासून ठप्प.

साइटचं नाव जिथे नोंदवलं होतं, त्या कंपनीला तिने फोन लावला. नावाची मुदत केव्हाच संपली होती आणि वाढवून मिळालेले दिवस आज संध्याकाळी संपत होते. नंतर ते नाव कुणीही घेऊ शकलं असतं. सोडवायचं तर खातेदारानेच, म्हणजे मामाने.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. तो तिच्यासोबतच डोळे बनवायचा, साइटही त्यानेच उभी केली होती. मग त्याला डोळे प्लास्टिकचे करायचे होते आणि तिला काचेचेच, यावरून दोघांचं बिनसलं आणि तो वेगळा राहू लागला. तेव्हापासून बोलणंचालणं बंद.

मी फोन करते, असं भाची म्हणेपर्यंत मावशीने काच वितळवायचा बर्नर बंद करून स्वतःच नंबर लावला.

“आपलं नाव जातंय रे,” एवढंच ती म्हणाली.

मामाला काम फोनवरूनही करता आलं असतं, पण तो धापा टाकत कारखान्यात हजर झाला. सूचना त्याच्या जुन्या, बंद ईमेलवर जात होत्या. पासवर्ड तर पार विसरलेला. नवा मागवला, मामाच्या मोबाइलवर कोड आला. घाईत भाचीने आकडे उलटसुलट टाकले. दुसरा कोड मामाने एकेक आकडा सुटा वाचला. मावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. पैसे भरले, पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण उमटली. भाचीने टुणकन उडीच मारली.

तासाभराने अडकलेले ईमेल धडाधड येऊ लागले. एका वादकाचा काचेचा डोळा तडकला होता. या आठवड्यात त्याचा पहिला मोठा कार्यक्रम होता. सोबत त्याच्या चांगल्या डोळ्याचा फोटो होता. करडा डोळा, कडेला हिरवट झाक.

“ही झाक मला एकटीला जमणार नाही,” मावशी म्हणाली.

मामाने बाह्या सरसावल्या आणि हिरव्या काचेच्या कांड्या कुठे ठेवल्यात ते विचारलं.