तात्यांच्या हातचे केस

माझ्या भावाला मी तिसऱ्या दिवशी चारचौघांत थोबाडणार होते. बाप जाऊन तिसरा दिवस, आन् हे पंचवीस वर्षांचं घोडं केस काढायला तयार न्हाय! राग येणार न्हाय तर काय?

तसं ऋतुराजचं केसांचं दुखणं मला ठाऊक होतं. बाविसाव्या वर्षीच कपाळ मागं सरायला लागलं. आमच्या गडमुडशिंगी गावात ज्यानं त्यानं वेगळं सांगितलं. बोअरच्या पाण्यानं हुतंय, शाम्पूनं हुतंय, हेल्मेटनं हुतंय. आईनं माक्याचं तेल कढवलं, मी कांद्याचा रस चोळला. चकोट केल्यावर दाट येतात म्हणून चुलत्यांनी, गणपतरावांनी, तीनदा त्याचं डोकं भादरायला लावलं. आले तेवढेच आले. दोन पोरींनी नकार दिला तवापासनं पोरगं लग्नाकार्याला जायचं बंद झालं. उन्हाळ्यात बी टोपी. जेवताना बी टोपी. मला वाईट वाटायचं, पर तोंडानं मी चेष्टाच करायची. सवय हाय माझी.

शेवटी आमचे वडील तात्याच त्याला शाहूपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. मी बी गेलते. डॉक्टर म्हणाले, "पाण्याचा दोष नाही, तेलाचा नाही. हे रक्तातून येतं, कधी आईकडून, कधी वडिलांकडून. डोकं भादरून केस दाट होत नाहीत आणि कमीही होत नाहीत, मूळ आत असतं. हे औषध सकाळ-संध्याकाळ लावायचं. सुरुवातीला उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. सहा महिने धीर धरा. आणि सोडलं, की पुन्हा गळणार."

तात्यांनी आपल्या गुळगुळीत डोक्यावरनं हात फिरवला. "म्हंजे माझंच दिलंय की," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासनं धारा काढून झाल्या, की साबणानं हात धुऊन तात्या औषधाची बाटली घेऊन बसायचे. ऋतुराज म्हणायचा, "माझं मी लावतो की." तात्या म्हणायचे, "तुला मागचं दिसतंय व्हय? गप बस." हाताला ही मोठी घट्टं पडलेली, पर थेंब लावायचे ते इतकं हळू, की म्हशीला बी कधी एवढं जपलं नसंल. पहिल्या महिन्यात केस गळाले तवा बापलेक दोघं बी रडकुंडीला आले. पुढं सातव्या महिन्यात टाळूवर काळी लव दिसली. तात्यांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. पोरगं लाजून घरात पळालं.

आन् वर्ष व्हायच्या आत तात्या गोठ्यात पडले ते उठलेच न्हाईत.

रक्षाविसर्जनाला सगळी भावकी ओढ्याकाठी जमली. आमच्यात बायका बी जातात. आकाराम न्हाव्यानं वस्तरा काढला आन् ऋतुराज मागं सरला.

"न्हाय काढणार."

गणपतराव वरडले, "बापापरास केस जास्त झालं व्हय रं?" माणसं कुजबुजाय लागली. मी तरातरा त्याच्याकडं गेले, हात उगारला.

"लाज न्हाय वाटत?" म्हणलं. "मूळ आत असतंय, परत येत्यात, डॉक्टरांनी सांगितलंय की!"

"येत्यात गं अक्का," तो म्हणाला. "पर हे तात्यांनी आणल्यात. हे गेल्यावर त्यांचा हात लागलेलं माझ्याकडं काय ऱ्हातंय?"

माझा हात तसाच खाली आला.

मग आई उठली. तीन दिवस ती घरात एका जागी भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लव चाचपली.

"लई मऊ आल्यात रं," ती म्हणाली. "मला कधी हात लावू दिला न्हाईस. त्यांनी आणल्यात, तर आज त्यांच्यासंगं जाऊ देत. उद्यापासनं मी लावीन. तेवढं किती थेंब, कसं, ते मला शिकीव."

ऋतुराज आकारामपुढं मांडी घालून बसला आन् लहान पोरागत हमसून रडला. वस्तरा फिरून हुईपतूर आईनं त्याच्या मानेवर ठेवलेला हात काढला न्हाय.