आठवनमधला न

पूर्णविराम होता. ‘आहे’च्या पुढे, नेटका, एवढासा काळा ठिपका — मोहरीच्या दाण्याहूनही बारीक — आणि वर्षाचा अंगठा त्याच्यापाशी येऊन थांबला. हातातल्या चहावर साय धरत होती, खाली रस्त्यावर एक ऑटोवाला ‘बसस्टँड, बसस्टँड’ ओरडत होता, आणि ती मात्र त्या ठिपक्याकडे पाहत राहिली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून पुन्हा पाहत राहिली.

‘मी बरी आहे. काळजी नसावी.’

घरच्या ग्रुपवर, संगीताच्या नावाने. तिची धाकटी बहीण, ढाणकीला दिलेली, जिनं आजवर कुठल्याही वाक्याच्या शेवटी काहीही ठेवलं नव्हतं... संगीताची वाक्यं संपतच नसत मुळी. ‘बाई मि तुरिच्या शेंगा ऊकडल्या तुहि लय आठवन आली तू काय करून राह्यलि नयन कालेजात गेलि’ — असं एका दमात, धावत आल्यासारखं. आनंद झाला की तिची अक्षरं वाढायची, ‘खुपपपच’ व्हायचं. घाबरली की शब्दांमधल्या जागा नाहीशा व्हायच्या. नयन, तिची मुलगी, लहानपणी एकदा तापाने फणफणली होती तेव्हा आलेली ती ओळ वर्षाला अजून पाठ होती — ‘नयनलेतापआलाबाईकायकरू’.

आणि आता हे. नसावी. त्यातली वीही दीर्घ.

खरं तर आनंद व्हायला हवा होता, आणि सुरुवातीला झालाही होता. गेल्या काही आठवड्यांपासून संगीताचे मेसेज शुद्ध येऊ लागले होते, आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षाने कौतुकाने एक मेसेज वाचूनही दाखवला होता — माझी बहीण, सातवी शिकलेली, बघा कशी लिहिते, आणि आपली बी.ए.ची पोरं ‘उदया तास आहे का मॅडम’ लिहितात. तिथले एक सहकारी हसून म्हणाले होते, “मॅडम, उद्या तास आहे का ते कळलं ना तुम्हाला? मग झालं. पेपर थोडाच आहे तो.” तिला राग आला होता. झालं कसं? कळलं की झालं, असं ज्यांना म्हणता येतं त्यांना कुणी कधी हसलेलं नसतं...

तिला हसले होते. तांड्यावरून ती वसतिगृहाच्या शाळेत आली तेव्हा घरची बंजाऱ्यांची गोरबोली आणि तांड्याबाहेरची वऱ्हाडी एवढंच तिच्या जिभेवर होतं. दुपारच्या सुट्टीत माठापाशी उभी राहून ती ‘पानी’ म्हणाली होती, आणि पाणी देणाऱ्या बाईंनी पेला हातात तसाच धरून ठेवला होता. पाणी म्हण. पानी. पाणी. मागे रांगेतल्या मुली खिदळत होत्या, तहान होती, आणि जीभ टाळूला नीट लागेपर्यंत तो पेला काही खाली आला नाही. त्यानंतर ण कधी चुकला नाही. त्या ण वर तर सगळं उभं होतं — एम.ए., नोकरी, यवतमाळातलं हे घर, खिडकी, मॅडम हा शब्द.

म्हणून तर ती दुरुस्त करायची. त्यात दुष्टपणा नव्हता. संगीताने ‘आठवन’ लिहिलं की खाली चांदणीची खूण करून ‘आठवण’. बहिणीच्या पदराला लागलेलं कुसळ काढावं, तसं... आपल्या माणसाला दुसरं कुणी हसण्याआधी आपणच... नाही का?

तिने फोन लावला. वाजत राहिला. थोड्या वेळाने पडदा उजळला — ‘मी सध्या कामात व्यस्त आहे. सायंकाळी संपर्क करते.’

संपर्क! वर्षा आधी मोठ्याने हसली, एकटीच, स्वयंपाकघरात. मग ते हसू कुठेतरी अर्ध्यात राहून गेलं. संगीता संपर्क करत नाही. संगीता फोन उचलते आणि ‘हां बोल’ म्हणायच्या आधीच बोलायला लागते. मग हे कोण लिहितंय?

तिने प्राचार्यांना रजेचं कळवलं, ढाणकीला जाते एवढंच नवऱ्याला फोनवर सांगितलं, घराला कुलूप लावलं, आणि उमरखेडच्या बसमध्ये बसली तेव्हाही तिला नीट सांगता आलं नसतं की ती का निघाली आहे. शुद्ध लिहिलं म्हणून? कुणी विचारलं तर काय सांगणार होती?

बस आर्णीच्या पुढे गेली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि त्यात वाकलेल्या बायांच्या रंगीत पाठी... याडी अशीच वाकलेली असायची. याडी म्हणजे त्यांची आई, नंदाबाई. ती गेली त्याला वर्ष झालं त्या दिवशी घरच्या ग्रुपवर संगीताने लिहिलं होतं — वर्षाला ते आठवायचं नव्हतं, पण बसच्या खिडकीला डोकं टेकलं की नको तेच येतं — लिहिलं होतं, ‘याडि गेलि पन तिची हाक अजुन कानात हाये मि अंगनात गेलि कि मांगं पाह्यतो’.

आणि वर्षाने खाली लिहिलं होतं — *याडी *गेली *पण *अजून *अंगणात.

झटकन. विचारही न करता, सवयीने. स्वतःचे डोळे भरलेले असताना. भरलेले होते, अगदी खरे भरलेले होते, मी रडतच ते टाइप केलं... पण रडणं तर तिथे दिसलं नाही. तिथे दिसल्या पाच चांदण्या. भाऊ सुनीलने खाली हसण्याचं चित्र टाकलं. इतर कुणी काही लिहिलं नाही. संगीताने त्यानंतर बरेच दिवस काहीच लिहिलं नव्हतं, आणि मग एक दिवस लिहिलं ते असं — नेटकं, स्वच्छ, पूर्णविरामासकट.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण तेव्हा मला वाटलं, शिकली.

उमरखेडला बस बदलून ती ढाणकीला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. संगीताच्या नवऱ्याचं, शामचं, खता-बियाण्याचं दुकान बंद होतं. मागच्या दारी संगीता खाटेवर बसली होती — कामात नव्हती, नुसती बसली होती, मांडीवर हात ठेवून, आणि हीच गोष्ट आधी वर्षाच्या अंगावर आली. संगीताला रिकाम्या हातांनी बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“बाई? तू काहून आली व?”

“फोन का उचलत नाहीस?” म्हणता म्हणता वर्षाची भाषा उंबरठ्यावरच गळून पडली. “काहून नाही उचलत? काय झालं तुले? केवढी वाळली तू!”

संगीता हसली. हसताना गालाची हाडं वर आली. “उचलला असता तं रडू आलं असतं,” ती म्हणाली आणि सरकून तिने खाटेवर जागा केली.

सांगितलं नयनने, पाण्याचा तांब्या पुढे करत. अकरावीतली उंच पोरगी, आईसारखेच डोळे. आईच्या पोटात गाठ निघाली होती. नांदेडला नेलं होतं. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, आणि बाबा आज त्याचाच निकाल आला का ते विचारायला गेले होते.

“आणि मले कोनी सांगितलं नाही?” वर्षाच्या तोंडून कोनी बाहेर पडलं, आणि तिला ते ऐकूही आलं नाही.

नयन आत निघून गेली. भिंतीपलीकडे कुणाची तरी मोटार सुरू होऊन विहिरीचं पाणी पाटात पडल्याचा आवाज येत होता.

“लिहिलतं,” संगीता म्हणाली. “खरंच. नांदेडहून आलो त्याच दिवशी लिहिलतं. ‘बाई, भेव लागते, तू ये.’ एवढंच. मंग ते नयननं मोबाईलमंधी टाकून देलं ना अ‍ॅप, आपन कसंबी बोला नाहीतं लिहा, ते नीट करून देते. त्याच्यात टाकलं. त्यानं केलं —” ती थांबली, आठवून, एकेक शब्द पाटीवरचा वाचावा तसा म्हणाली, “‘मला थोडी चिंता वाटत आहे. कृपया आपण यावे.’”

वर्षाने तिच्याकडे पाहिलं.

“मी वाचलं, दोनदा वाचलं. म्हटलं हे मी कोनाले म्हनून राह्यली? बहिनीले का कलेक्टरले? आन् थोडी कुठं व, थोडी नव्हती लागत...” संगीताला हसू येत होतं, की दुसरं काही. “मंग खोडलं. त्याच्यापेक्षा बरी आहे हेच चांगलं दिसत होतं.”

“जसं होतं तसंच पाठवायचं ना, संगी.”

“कसं पाठवू? ग्रुपवर सुनीलभाऊ हाये, वहिनी हाये. तू हायेस.”

ती चिडून म्हणाली असती तर सोपं झालं असतं. भांडता आलं असतं, रडता आलं असतं, तुझ्या भल्यासाठीच, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण संगीताच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. आज बाजार नाही म्हणून भाजी नाही, असं सांगावं तसं ती सांगत होती. वर्षाने तिचा हात हातात घेतला. थंड होता, भर उन्हात.

“माझ्या एकटीच्या फोनवर लिही,” ती म्हणाली. “पहिल्यासारखं. मी काहीसुद्धा दुरुस्त नाही करणार. शपथ घेऊ का याडीची?”

संगीताने खाटेची सुटलेली दोरी आत खोचली.

“आता नाही येत बाई तसं,” ती म्हणाली. “आधी मले दिसतच नव्हतं ना काही. मनात आलं का बोट चाले. आता हे रस्व असन का दीर्घ, हा न कोनता, असं होते... बोट थांबते. आन् बोट थांबलं का, जे म्हनायचं राह्यते ते निघून जाते कुठं तरी.” मग एकदम, जरा सावरून बसत, “पन एक सांगू? चांगलंबी वाटते. बचतगटाच्या बाया म्हनतेत, संगीताताई, सूचना तुम्हीच टाका, तुमचं लय भारी राह्यते. माही सासू सगळ्यायले वाचून दाखवते. मले कधी कोनी भारी नव्हतं म्हटलं व, लिहिन्यापायी.”

तिच्या वाळलेल्या चेहऱ्यावर खरोखरीचा अभिमान होता. हाच अभिमान तर तिला द्यायचा होता मला... हाच. माठापाशी उभं राहून, तहान विसरून, जीभ टाळूला लावून मी जो मिळवला तोच. मग आता तो तिला मिळालेला पाहून मला बरं का वाटत नाही?

संध्याकाळच्या आधी शाम आला. निकाल आला नव्हता, सोमवारी बोलावलं होतं. वर्षा म्हणाली, सोमवारी मीपण येते नांदेडला, आणि संगीताने ‘ये’ म्हटलं — नुसतं, मान हलवून, दुसरीकडे पाहत. निघताना तिने नेहमीसारखं बांधून देण्यासाठी आत काहीबाही शोधलं, आणि काही सापडलं नाही म्हणून पायरीपर्यंत येऊन उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. बाहेर पराट्यांवरच्या कापसाचं पांढरं हळूहळू राखाडी होत गेलं. वर्षाने फोन काढला, बहिणीला काहीतरी लिहावं म्हणून — काहीतरी आपलं, आईच्या बोलीतलं. याडी त्यांना निजवताना जे म्हणायची ते. पहिलाच शब्द लिहिताना ती अडली. तो ऱ्हस्व होता की दीर्घ? कुठल्याच पुस्तकात तो तिने पाहिला नव्हता, कुणी तिला तो लिहायला शिकवला नव्हता, आणि आता तो कानात स्पष्ट वाजत असताना तिला त्याचं एकही अक्षर खात्रीने मांडता येईना. लिहिलं, पुसलं. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं. आपण इथेही बरोबर काय तेच शोधतो आहोत, हे लक्षात आल्यावर तिने फोन पर्समध्ये टाकला.

आणि तेव्हा, कशावरून कोण जाणे, नागपूरचा दवाखाना आठवला. तिच्या नवऱ्याची छातीची शस्त्रक्रिया ठरली होती, काही वर्षांपूर्वी. तिने ग्रुपवर कळवलं होतं — ‘उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर अनुभवी आहेत. सर्वांनी निश्चिंत राहावे.’ एकही चूक नव्हती. सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली होती. संगीताने काहीच पाठवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्षा खाली उतरली तर दवाखान्याच्या जिन्यात ती बसलेली, फडक्यात बांधलेल्या भाकरी मांडीवर घेऊन, प्रवासाने केस विस्कटलेले. तू कशी आलीस? तर म्हणाली, “तू लय घाबरलीवती ना.”

मी कुठे तसं लिहिलं होतं? वर्षाने तेव्हा विचारलं नव्हतं, घाई होती, मग राहूनच गेलं. पण आता बसच्या हेलकाव्यात तिने ती वाक्यं पुन्हा पुन्हा मनात वाचली — शस्त्रक्रिया, अनुभवी, निश्चिंत — उलटी वाचली, सुटी वाचली, विद्यार्थ्यांना वाचायला लावते तशी ओळीमागची ओळ वाचू पाहिली, आणि तिला त्यांत घाबरलेलं कुणीही सापडलं नाही. संगीताला सापडलं होतं. कुठल्या अक्षरात? तिला काय वाचता येत होतं, जे मला...

दिग्रसचा फाटा आला. कंडक्टरने दिवे लावले, आणि खिडकीच्या काचेत बाहेरची शेतं जाऊन तिचा स्वतःचा चेहरा आला. सोमवारी नांदेडला संगीताशेजारी बाकावर बसायचं होतं, तिच्या तोंडाकडे पाहायचं होतं, आणि ती काहीही म्हणाली तरी त्यामागचं ओळखायचं होतं. आपल्याला ते येईल का, याची वर्षाला मुळीच खात्री वाटेना.