एकटीची पायरी

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, जेवायच्या आधी, सगळ्या घरानं दारासमोरच्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून एक फोटो काढायचा, हा अप्पांचा नियम होता. एक म्हणजे एकच. कॅमेऱ्यात रोल घालावा लागायचा तेव्हा काटकसर म्हणून ठरलेलं ते. रोल जाऊन जमाना झाला, तरी अप्पांच्या एकाचे दोन झाले नाहीत. कुणाचे डोळे मिटले, कुणी नेमकं तेव्हाच शिंकलं, तर तो त्याचा त्या वर्षाचा भोग.

अप्पा गवंडी. आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि स्वतःचं बांधायला घेतलं तेव्हा आधी पायऱ्या रचल्या, मग घर. येणारेजाणारे हसायचे, की हा माणूस जिना चढून आभाळात राहायला जाणार दिसतो. प्रत्येक पायरी दोन माणसं ऐसपैस उभी राहतील एवढी रुंद. त्यातूनच दुसरा नियम निघाला, की पायरी जोडीची. सगळ्यात वर अप्पा आणि आई. त्यांच्याखाली दादा आणि वहिनी. त्यांच्याखाली धाकटा, ज्याला मिशा पिकल्या तरी सगळे बारक्याच म्हणायचे, आणि त्याची बायको. पोरंटोरं तळाला.

दादा आणि बारक्या यांच्या मधली बहीण, म्हणजे पोरांची आत्या, हिचं लग्न झालं नाही. झालं नाही की केलं नाही, यावर घरात दोन मतं होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. पेशंट तिला फोटोवाल्या बाई म्हणत. त्यामुळे घरचा कॅमेराही तिच्याच हातात जाणं सगळ्यांना इतकं सरळ वाटलं, की फोटोत ती कधीच नसते हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. आपल्याही नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि जावई नवीन वर्षाला पहिल्यांदाच घरी आला होता. सकाळी केक कापायची गडबड चाललेली असताना तो बैठकीच्या भिंतीवरचे सगळ्या वर्षांचे फोटो एकेक करून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, यात आत्या कुठल्या? सगळे खळखळून हसले. वहिनी म्हणाली, अहो, त्याच तर काढतात. बारक्यानं सांगितलं, की काच जरा पुसून बघा, मागे उभी असेल. जावई नवा होता, तोही हसला. मग हसणं ओसरल्यावर हळूच म्हणाला, "एकाही वर्षी नाहीत?"

यावर सगळ्यांना एकदम केकची आठवण झाली. सुरी आत्याच्या हातात होती. तिनं सारखे तुकडे कापले, सगळ्यांना दिले, आपला खाल्ला. गोड होता. पण तो घशाखाली उतरेपर्यंत तिच्या मनात एक गोष्ट ठरून गेली होती. इतकी वर्षं न ठरलेली गोष्ट एका घासाच्या अवधीत कशी ठरते, हे तिचं तिलाही कळलं नाही.

ऊन पायऱ्यांवर आलं तशी अप्पांनी काठी आपटून सगळ्यांना बाहेर काढलं. ते स्वतः वर जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे उजव्या बाजूला. डावी बाजू आईची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती बाजू रिकामीच राहायची आणि तिकडे कुणी बघायचं नाही. दादा-वहिनी उभे राहिले. नव्या नवरा-नवरीला त्यांची पायरी मिळाली म्हणून बारक्याच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. बारक्यानं कॅमेरा आत्यापुढे धरला.

आत्यानं तो घेतला, अंगणातल्या स्टुलावर ठेवला आणि पायऱ्या चढून दादाच्या खालच्या पायरीवर, म्हणजे बारक्याच्या जागी, जाऊन उभी राहिली.

"वन्सं, काही विसरलात का वर?" वहिनीनं विचारलं.

"नाही. मी इथं उभी राहणार आहे. वयानं हीच माझी पायरी. बारक्या, तुम्ही सगळे एकेक खाली सरका."

बारक्याला वाटलं, गंमत चालली आहे. तो म्हणाला, मग शेवटची पोरं काय विहिरीत उतरतील? पण बहिणीचं तोंड बघून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं आणि तो बायकोसकट मुकाट्यानं खाली सरकला. वहिनीनं पोरांच्या नव्या बुटांना माती लागेल म्हणून कुरकुर केली. दादानं समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं, की सणासुदीच्या दिवशी कशाला, हवं तर जेवल्यावर तुझा वेगळा काढू, छानसा, झाडाजवळ. बँकेतल्या गिऱ्हाइकांना परत पाठवताना तो हाच सूर लावत असणार, असं आत्याला वाटून गेलं.

"मला झाडाजवळ नको," ती म्हणाली. "मी झाडाची कोण लागते?"

मग वरून अप्पांचा आवाज आला. ते ओरडले नाहीत. भिंत तिरकी गेली की हाताखालच्या माणसाला सांगायचे तितक्याच थंडपणे म्हणाले, "पायरी जोडीची असते. तुला ठाऊक आहे. उतर."

आत्यानं मान वर केली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलेलं होतं आणि ते बोललं तर काय होईल हेही तिला पक्कं माहीत होतं. म्हाताऱ्याला आंघोळीचं पाणी तीच काढून द्यायची, त्याच्या गोळ्या तीच मोजायची, आईच्या शेवटच्या आजारात दोघांनी आळीपाळीनं रात्री जागून काढल्या होत्या. इतक्या जवळच्या माणसाला कुठे लागतं, हे बघायला एक्स-रे लागत नाही.

"मग अप्पा," ती म्हणाली, "तुम्हीही उतरा."

बारक्याची बायको पदराशी चाळा करू लागली. दादा "अगं, काय हे" एवढंच पुटपुटला. आत्याचे पाय दगडावर होते आणि दगड पक्के होते. ती जागची हलली नाही.

अप्पांनी आपल्या डाव्या हाताची रिकामी जागा बघितली. मग त्यांनी काठी खालच्या पायरीवर टेकवली. दादा धरायला पुढे झाला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. लेकीच्या पायरीवर आले तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर आहे. नियम तो नियम." आणि तसेच अंगणापर्यंत उतरून त्यांनी स्टुलावरचा कॅमेरा उचलला.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्याला खाली उतरवलं, एवढंच ती म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. जाऊन आण त्यांना वर, दादानं बहिणीला दबक्या आवाजात सांगितलं. आत्यालाही जावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

खाली अप्पा कॅमेरा उलटसुलट करून बघत होते. सिमेंट कालवून जाड झालेली बोटं, त्यांना बटण कुठलं ते कळेना. "ए, हे काय आहे?" ते वैतागून म्हणाले. "ये इकडे, दाखव धरायचं कसं."

तिचा उजवा पाय निघालाच. खालच्या पायरीवर टेकणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की ती आता उतरली तर कॅमेरा नकळत तिच्या हातात येईल, अप्पांना कुणीतरी वर नेईल, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसेल. कुणी मुद्दाम करणार नाही. आपोआप होईल, आजवर झालं तसंच. तिनं पाय मागे घेतला.

"इथूनच सांगते. काच आमच्याकडे करा. उजव्या हाताला वर मोठं बटण आहे, त्यावर बोट ठेवा. आता मागच्या चौकटीत बघा. सगळे दिसतात?"

"दिसतात."

"मग श्वास रोखून दाबा."

अप्पांनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. खाली घेतला. पुन्हा धरला. एक डोळा बारीक करून ते बराच वेळ बघत राहिले. भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा सोडला की असेच बघायचे. पोरं चुळबुळ करू लागली. मग म्हाताऱ्याच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली, जिला भलेभले मुकादम घाबरायचे.

"तू," ते म्हणाले, "कडेला का उभी आहेस? अर्धी पायरी कुणासाठी सोडलीस?"

आत्यानं खाली बघितलं. खरंच ती उजव्या टोकाला कठड्याला चिकटून उभी होती आणि शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. एवढं भांडून घेतलेल्या पायरीवरही तिनं निम्मीच घेतली होती.

"सगळं एका बाजूला कलतंय," अप्पा करवादले. "मला असलं चालत नाही. मधे ये."

ती मधे आली. नुसती आली नाही, तर दोन्ही पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, भांडायला उभी राहावी तशी उभी राहिली. तिच्या कोपरानं बारक्याच्या डोक्यावरची, केक कापताना घातलेली कागदी टोपी पडली. तो वाकून शोधायला लागला, वहिनी अजून नाक पुसत होती, जावई आत्याकडे वळून बघत होता, आणि नेमकं तेव्हाच अप्पांनी बटण दाबलं.

"अहो अप्पा, आणखी एक काढा," वहिनी म्हणाली. "यात कुणीच नीट नाही."

"एक म्हणजे एकच," अप्पा आणि आत्या एकदम म्हणाले.